एका हाकेला ओ

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा संभाजीनगरला. बिडकीनच्या कंपनीत उभं राहून पाय आखडले होते. इथं खुर्ची हाय, पंखा हाय, दाराशी चहा हाय. देवेशभाऊंच्या दुकानात जुन्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवायच्या आन् नेटवर टाकायच्या. सातवी नापासाला जमंल का विचारलं, तर म्हणले, दोन बटनं ध्यानात ठेव. कॉपी केलं तर मूळ जागेवर राहतं. कट केलं तर तिथून उचललं जातं, मागं काही उरत नाय. कटला हात लावायचा नाय.
वरच्या मजल्यावर त्यांची आई द्वारकाबाई राहतात. पहिल्याच दिवशी भाकरी-ठेचा खाऊ घातला.
संध्याकाळी किनवटला आईला फोन लावला. तिला आता दिसत नाय, वाचता तर कधीच येत नव्हतं. माझं ‘आई’ पुरं व्हायच्या आत तिचा ‘ओ’ येतो. म्हणाली, तू बोललास की दिवस गोड जातो.

६ नोव्हेंबर
बिडकीनच्या सार्थकरावांनी त्यांच्या आजीची सीडी आणली. साळूबाई, वारून लई वर्षं झाली. जात्यावरच्या ओव्या. जात्याची घरघर, बांगड्या, आन् गळा असा की माझा चहा गार झाला. दळण सरलं की ती एकदाच हाक मारते, लखू. तिचा लेक लखू कामाला म्हणून गेला तो आलाच नाय. रोज दळण आटपून दाराकडं हाक मारायची म्हणं.
मलाबी घरी लखूच म्हणतात. कानाला हेडफोन, ध्यान दुसरीकडं, सवयीनं ‘ओ’ देऊन बसलो. देवेशभाऊ हसून लोळले. मेलेल्या म्हातारीला हजेरी देतो काय, म्हणले. द्वारकाबाई हसल्या नाहीत. एका हाकेला ओ देऊ नये लेकरा, म्हणाल्या. माणूस असंल तर दुसऱ्यांदा बोलावील. बाहेरचं एकदाच बोलावतं.
आईला ओव्यांचं सांगितलं. नेटवर आल्या की शेजारच्या स्वरालीच्या फोनवर ऐकते म्हणाली.

७ नोव्हेंबर
फाईल तपासली. हाकेनंतर ‘ओ’ हाय. माझा. माईक तर लावलेलाच नव्हता. सीडी जुन्या प्लेयरवर लावून बघितली, तिच्यातबी हाय. एकदा भरलेल्या सीडीवर नवं काही चढत नाय, हे देवेशभाऊंनीच शिकवलेलं. त्यांना दाखवलं तर म्हणले, तुझीच काहीतरी गडबड, परत उतरव.
घसा बसलाय. थंडी असंल.

८ नोव्हेंबर
परत उतरवली. आता ‘ओ’च्या पुढं ‘आलो’ पण हाय.
चहा मागायला तोंड उघडलं, नुसता वारा निघाला. चहावाला म्हणला, क्या मियाँ, जबान का रोजा है क्या.
डॉक्टर म्हणतो घसा साफ हाय.
आईचा फोन आला. कानाला धरून बसलो. लखू, बोल ना रे, म्हणत राहिली. मी — काय बोलू, कशानं बोलू —

९ नोव्हेंबर
ही कॉपी नाय. कट हाय.
तिकडं वाढतं तेवढं माझ्यातून जातं. द्वारकाबाईंना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मी सीडी मोडून टाकली — उपयोग नाय. देवेशभाऊंनी फाईल सकाळीच नेटवर टाकली. लोकांना आवडतीय म्हणं.
ऐकली. शेवटी नवीन हाय. माझ्या आवाजात — आई. एकदाच.
साळूबाईला हाक मारतोय तो आवाज. पण माझी आई —

दुपार
स्वरालीला मेसेज केला, लावू नको. एकच टिक, पोचलाच नाय.
आईला फोन. उचलला तिनं. मी ओरडतोय — वारा — नुसता वारा — ती म्हणतीय, स्वराली, बाई, नंतर करील तो, तू ती ओवी लाव — ठेवला —
परत लावला. उचलत नाय.

मेसेज आला स्वरालीचा. काकूंना ऐकवलं, लई खुश हायेत, दादा. जातं थांबलं, तुझी हाक आली, आन् काकू लगेच म्हणाल्या —