पायावरची रेघ

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार

इथे कुणी सरळ बोलत नाही. पाय सुजून भोपळा झालाय, एवढं मलाही दिसतं. पुढे काय? ते विचारलं की सगळे सलाईनच्या बाटलीकडे बघतात.

तानशाच्या जंगलात बांबूचा खुंट चपलेतून आरपार गेला. मी वर घारीचं घरटं बघत चाललो होतो – खाली कोण बघतंय. पाला ठेचून बांधला आणि तसाच हिंडलो. तापाने दात वाजायला लागले तेव्हा बुधूने, माझ्या आतेभावाने, मोटारसायकलवर घालून शहापूरच्या बाजूला ह्या ट्रस्टच्या दवाखान्यात आणून टाकलं. आणि गेला वैशाखऱ्याला, भात कापायला.

सिस्टरचं नाव रंजिता. हसत नाही. आल्या आल्या हातात सुई घातली. मग खिशातलं पेन काढलं आणि नडगीवर, लाल जिथवर चढलंय तिथे, गोल रेघ मारली. पायात वाळा घातल्यासारखी. ही कशाला, म्हणून विचारलं.

"माझ्यासाठी. तू हलू नको."

पाय माझा आणि रेघ तिच्यासाठी!

१३ ऑक्टोबर

शेजारच्या खाटेवर नामा आहे. उंबरमाळीकडचा, म्हातारा. साखरेची बीमारी. डावा पाय गुडघ्याखाली नाही. सकाळपासून हसवतोय – आता चप्पल एकच लागणार पण दुकानदार मेला जोडीच गळ्यात मारतो, दुसरी तू घे म्हणाला. तुझा डावाच राहील असं दिसतंय. म्हटलं, बाबा, तोंड आवर.

मग त्याने माझी रेघ बघितली आणि हसायचा थांबला.

"मलाबी मारलेली."

"कोणी?"

"हिनंच. मंग पाय गेला."

नंतर तो भिंतीकडे तोंड करून पडला. मीही. भिंतीवर ओल आलीये, तिचा आकार बरोबर माळशेजच्या घाटासारखा – वळणं पण आहेत. घाटाखालचा चहावाला आठवला. त्याच्याकडे महिनाभर कपबशा विसळत होतो, मग एका ट्रकवाल्याबरोबर ओतूरला गेलो. पाय होते तेव्हा.

आहेत अजून. काय लिहितोय मी.

१४ ऑक्टोबर

डॉक्टर आला. माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायाशीच उभा. सिस्टरने रेघेवर बोट ठेवलं, दोघं अर्धं इंग्लिश बोलले. मग तिने दुसरी रेघ मारली, पहिलीच्या चार बोटं खाली. डॉक्टरला म्हणाली, "बघा, उतरलं." डॉक्टरने मान हलवली. खूष दिसले.

काय उतरलं? कापायची जागा? काल वर ठरली होती, आज खाली? मला कुणी विचारणार की नाही!

पेन माझ्या खाटेवर विसरून गेली. हिरव्या टोपणाचं. उशीखाली घातलं. आता त्यानेच लिहितोय. बघू, पेनाशिवाय कशी रेघ मारते.

१५ ऑक्टोबर

तिच्या खिशात दुसरं पेन आहे.

१६ ऑक्टोबर

दोन वर्षांमागे टोकावड्याच्या अंगाला कूपाच्या तोडीवर होतो. म्हणजे ठेकेदार जंगल तोडायला घेतो तिथे. आधी गार्ड फिरायचा. झाडाची साल तासून त्यावर हातोड्याने शिक्का मारायचा, नाहीतर चुन्याचा पट्टा ओढायचा. मग आम्ही कुऱ्हाडी घेऊन जायचो. खूण असली की विचार करायचा नाही. एक ऐनाचं झाड होतं, मधमाशांचं पोळं लागलेलं, सावली तर अशी की तिथे जेवायला बसावं. मी म्हटलं, हे राहू द्या. गार्ड म्हणाला, खूण झालीये. दुपारी ते आडवं.

कुणाला वाटेल हा वेडा आहे. पण मी खुणेचं काय होतं ते बघितलंय. अख्खा हंगाम बघितलंय.

आणि आज सिस्टरने आपल्या डब्यातलं अंडं मला दिलं. वर म्हणाली, "खा नीट, अंगात काही नाय तुझ्या." जत्रेच्या आधी बोकडाला पाला घालतात तसं. खाल्लं मी. भूक होती.

मग विचारते, घरचं कोण आहे? आत्या आहे, वैशाखऱ्याला. तर म्हणे, "बोलवून घे तिला. बोलायचंय."

ती गेल्यावर नामाकडे बघितलं. तो म्हणाला, त्याच्या वेळीही आधी लेकाला बोलावलं होतं.

पाय गेला तर मी काय आहे? शेत नाही, दहावी नाही, हातात कला नाही. चालता येतं एवढंच येतं मला.

१७ ऑक्टोबर

सुटलो!

भेटायच्या वेळेला पाहुण्यांची गर्दी असते. सिस्टर एका बाळंतिणीकडे पळाली होती. सुई काढली, जागा बोटाने दाबून धरली. नामा टकामका बघत होता. वाटलं ओरडणार. तर हळूच म्हणाला, "पळ रे. तुला दोन हायेत."

किन्हवलीपर्यंत दुधाची गाडी, पुढे पेंढ्याचा टेम्पो. पेंढ्यावर उताणा पडून आलो. सरळगावच्या पुढे डोंगर दिसायला लागले तेव्हा इतकं बरं वाटलं की टेम्पोवाला जुन्नरला जाणार हे ऐकून पुढे जायचा विचार आला. पण वैशाखऱ्याला उतरलो.

आत्याचं नाव सकुबाई. ती आधी रडते, मग शिव्या देते. आज उलटं केलं. मग पाय बघून म्हणाली, "ह्यो काय गोंदवून आलास रे?" मी सगळं सांगितलं. तिने गरम पाणी आणि काथ्या आणला आणि वरची रेघ घासून काढली. खालची दुखते, हात लावू दिला नाही. राहू दे. आता तिला कोण विचारतंय.

१८ ऑक्टोबर

नाचणीची भाकर, सुकटीची चटणी. कुठल्या सलाईनमध्ये आहे हे?

अंगणात भाताचे भारे येतायत. बुधू नीट बोलत नाही माझ्याशी – मला तिथे नेऊन टाकलं ते फुकट गेलं म्हणतो. मी म्हटलं, तुझा पाय असता तर कळलं असतं. तो म्हणाला, "माझा आसता तर मी खाली बघून चाललो आसतो."

पाय जरा ऊन लागतोय. प्रवासाने असेल.

१९ ऑक्टोबर

रात्री ताप. सकाळी उन्हात पाय पसरून बसलो आणि बघितलं.

दवाखान्यातून निघालो तेव्हा लाल सगळं रेघेच्या खाली होतं. रेघ आणि लाल ह्यांच्या मधे चांगली दोन बोटं कातडी, माझ्याच रंगाची. तेव्हा बघितलं होतं, पण तसं बघितलं नव्हतं. आज लाल रेघेवरून गेलंय. वर. आत्याने जी घासून काढली ती रेघ जिथे होती, तिच्याही जवळ.

कितीतरी वेळ बघत बसलो. कोंबडी येऊन पायावरून गेली.

पहिली रेघ मारली तेव्हा लाल तिथवर होतं. दुसरी चार बोटं खाली. उतरलं, म्हणाली. ती लालाबद्दल बोलत होती. नामाचं उतरलं नसेल. त्याचं वर गेलं असेल, रेघ ओलांडून, आणि ती रोज बघत असेल.

आणि आत्याला कशाला बोलावलं? तेही कापण्यासाठीच असेल असं धरून चाललो मी. घरी सोडायचं असेल. मलम कसं लावायचं ते सांगायचं असेल.

आत्या म्हणते भगताला दाखवू. मी नको म्हटलं.

हिरव्या टोपणाचं पेन काढलं. जिथवर लाल आहे तिथे, तिच्यासारखीच, गोल रेघ मारली. जरा वाकडी आली. आत्याने विचारलं, कशाला रे?

"माझ्यासाठी."

२० ऑक्टोबर

लाल आणखी वर गेलं, रेघ खाली राहिली. बुधू मोटारसायकल काढतोय, दवाखान्यात परत न्यायला. पेन खिशात घेतलंय. सिस्टरचं आहे, तिला द्यायचंय.