जळका वास

४ नोव्हेंबर
फाटकवाला हलला! पत्र्याचा, बोटाएवढा. मामा गेल्यावर मामींनी त्यांची पेटी माझ्याकडे पाठवली – खेळण्यातली आगगाडी आणि तिचा लवाजमा. फाटक, सिग्नल, दिव्याचे खांब. सगळं माझ्या जन्माआधीचं. इंजिन ठरावीक रुळावर आलं की कॉइलमध्ये वीज जाते, खोपटाचं दार उघडतं, हा कंदील घेऊन बाहेर येतो. वाळून मेण झालेलं ग्रीस खरवडायलाच कितीतरी दिवस गेले.
आला बाहेर. आत जाईना. मी कौतुकाने बघत बसलो आणि कॉइल जळाली. खोलीभर धूर.
ही दारात. "घर पेटवल्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही!"

९ नोव्हेंबर
मेहुण्याने नवी तार गुंडाळून कॉइल भरून दिली. हिचा धाकटा भाऊ. जळालेल्या मोटारी भरण्याचं दुकान आहे त्याचं. "भाऊजी, माझ्याकडे पंप येतात, पंप! हे म्हणजे हत्तीच्या डॉक्टरला डास दाखवणं." पण काम सुरेख. आता फाटकवाला येतो, जातो.

१० नोव्हेंबर
स्वयंपाकघरातून ओरड – जळतंय! धावलो. कॉइल कोमट. वास नाही. तसं सांगितलं.
"तुमचं नाक तुमच्याच बाजूने बोलणार."

१३ नोव्हेंबर
परत. गाडी बंद होती. पण ट्रान्सफॉर्मरची पिन भिंतीत तशीच. जुना आहे, वायरीवर कापड गुंडाळलेलं. शक्य आहे. पिन काढली. थोड्या वेळाने म्हणाली, "गेला वास."
म्हणजे बिघाड आहे. मला सापडत नाही एवढंच.

१४ नोव्हेंबर
एकेक सुटं करत जायचं, दुसरा उपाय नाही. आज दिव्याचे खांब काढले.
वास आला म्हणते.

१७ नोव्हेंबर
जेवताना, वाढता वाढता थांबली. वाक्य अर्धंच. डाव हातात तसाच. हाक मारली – उत्तर नाही. नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे. हिचे रुसवे मला पाठ आहेत. वाक्याच्या मध्यावर रुसणं नवीन.
मग एकदम – "मीठ कमी झालंय का?" मीही विषय वाढवला नाही.

१९ नोव्हेंबर
सिग्नल काढला. फाटक काढलं. वास आहेच.
"अहो, मला भीती वाटते. एक दिवस कामावरून येईन आणि घर नसेल." इतक्या हळू आवाजात ही कधी भांडली नव्हती.
संध्याकाळी मेहुणा मीटर घेऊन घरभर फिरला. बटणं उघडली, भिंतीतल्या वायरी तपासल्या. सगळं ठीक. "ताई, तुझं नाक आगीच्या बंबावर बसवायला हवं!" ती हसली नाही.
जिन्यात मला म्हणाला, "भाऊजी, तिला गाडी नकोय घरात. कळत कसं नाही तुम्हाला?"
कळलं. असं सरळ सांगायचं होतं तिने. वासाचं सोंग कशाला?

२० नोव्हेंबर
दिवसभर बोललो नाही. तिनेही विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर
ही कामावर गेल्यावर सगळं पेटीत भरलं. रूळ, इंजिन, ट्रान्सफॉर्मर. फाटकवाला कापसात. पेटी मेहुण्याच्या दुकानात ठेवून आलो. हिला सांगितलेलं नाही. खोलीचं दार लोटून घेतलंय. आता वासाचं नाव काढू दे – हाताला धरून आत नेईन, रूळ मांडायची फळी रिकामी दाखवीन. मग बोल म्हणावं!

२३ नोव्हेंबर
"पुन्हा सुरू केलीत ना? आज तर घसा धरला."
हाताला धरून नेलं. दार उघडलं.
फळीकडे बघत राहिली. वाकून फळीखाली पाहिलं. कोपऱ्यात पाहिलं. मला त्या दिवशी जेवताना वाक्याच्या मध्यावर थांबलेली ती आठवली. तिने माझा हात सोडला नव्हता.
"अहो, मग हा वास मला कुठून येतोय?"