सईचा पिवळा पट्टा

रविवार, संध्याकाळ

नातीने, आमच्या सईने, आज कराटेचा पिवळा पट्टा मिळवला! अख्ख्या चाळीला सांगून आले. परीक्षेत काता करायचा असतो. म्हणजे समोर शत्रू आहे असं समजून ठरल्या क्रमाने ठोसे मारायचे. जपानकडच्या कुठल्याशा बेटावरच्या जुन्या गुरूंनी बसवलंय म्हणे. पण सईचे ठोसे कसे, मिळमिळीत! सर म्हणाले होते, अशाने नापास होशील. मग मीच सांगितलं, "समोर वरच्या माळ्यावरची कुसुमकाकी आहे समज. आपल्या मिरच्यांवर धुण्याचं पाणी सोडते ती."

आज काय ठोसे मारले पोरीने! घरी येताना विचारलं, "कुसुमकाकीच दिसली ना गं?"

"नाही आजी, तू दिसलीस. रोज पहाटे उठवतेस ना!"

मेली! चारी दिशांना वळून वळून मला मारलंन, आणि मी समोर बसून टाळ्या वाजवत होते.