अब्बांच्या शर्टाची पिशवी

प्रिय अम्मी,

तुझा चाळिसावा आटोपला. पाहुणे गेले आणि दापोलीच्या घरात आता मी आणि अब्बाच. एवढे दिवस धड रडायलाही सवड नव्हती गं! आज निवांत तुझ्याशी बोलायचंय, आणि बातमी चांगली आहे.

रियाधमधले ते आखाती युद्धाचे दिवस आठवतात? बत्हा मोहल्ल्यातल्या आपल्या खोल्या, खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या, विषारी गॅसच्या भीतीने दाराखाली ओला टॉवेल. अब्बा तिकडे सरहद्दीजवळ हफ्र अल बातिनला, फौजेच्या छावणीत स्वयंपाकी. फोन लागायचा नाही. आणि मी सात वर्षांची, गॅसच्या मास्कला हात लावायला तयार नाही! सायरन वाजला की किंचाळत पलंगाखाली. तू समजावलंस, धपाटाही घातलास.

मग तू अब्बांचा चौकड्यांचा शर्ट काढलास आणि सरळ कात्री लावलीस. आत जुन्या लुंगीचं अस्तर, वरून गोधडीचा धावदोरा, खिसा तसाच ठेवलेला. मास्क त्या पिशवीत गेला. "अब्बा तुझ्याजवळच आहेत असं समज," म्हणालीस. पुढच्या सायरनला मी मुकाट्याने मास्क चढवला. पिशवी तर झोपतानाही गळ्यातून काढेना!

शेजारच्या सकीनाखालांनी ती पाहिली मात्र! "अगो, जित्या माणसाच्या कपड्यांना कात्री? हा काय अपशकुन करून बसलीस? नवरा तिकडे लढाईच्या तोंडाशी, आणि तू…" तुझा चेहरा पांढराफटक पडला.

बिल्डिंगमधल्या बायकांना मात्र पिशवी आवडली. पोरींचे आखूड झालेले फ्रॉक, स्वतःच्या जुन्या ओढण्या घेऊन त्या आपल्या गालिच्यावर शिवायला बसल्या. सकीनाखालाही आल्या, पुरुषांचं कापड नको या अटीवर! तू सगळ्यांना टाका दाखवायचीस, पण तुझा डोळा दाराकडे. मला वाटायचं, तू बॉम्बला घाबरतेस.

युद्ध संपलं, तरी अब्बांचा पत्ता नाही. आणि एका दुपारी ते दारात!

"अगं, माझा चौकड्यांचा शर्ट काढ. धुळीने नुसता माखलोय."

तू हसायलाच लागलीस, आणि रडायलाही. मी पिशवी पुढे केली.

"खलास केलास होय माझा शर्ट? बरं, खिसा तरी वाचला!"

सकीनाखालांनी त्याच संध्याकाळी वाफवलेली गोड सांदणं पाठवली. किती हलकं वाटलं होतं गं!

पण तुझ्या मनातून ती भीती गेलीच नाही ना? काल तुझी ट्रंक उघडली, तर आत अब्बांचे शर्ट. विरलेले, कॉलर फाटलेले, सगळे धुऊन घडी घातलेले. फरशी पुसायलासुद्धा एक दिला नाहीस! एवढी वर्षं एकटीच भीत राहिलीस? मला तरी सांगायचंस.

अब्बांना मी सगळं सांगितलं. ठसका लागेपर्यंत हसले. "वेडी! आणि मी म्हणायचो, ही चिंध्या कशाला जमवते! आण ती कात्री. जिता आहे तोवर माझ्या हाताने कापतो."

आता बाजूलाच बसून कापतायत, वाकडंतिकडं. त्यांच्या नातींना एकेक पिशवी शिवून देईन, हे माझं वचन. आणि तू आता घाबरायचं नाहीस, अम्मी. अगं, तू डोळे मिटलेस तेव्हा तुझा हात अब्बांच्याच हातात होता.

तुझी,
नसीम