बेचाळिसाव्या दिवसाचा फोन

स्फाक्स,
गुरुवार

प्रिय लसाद,

मॉन्ट्रियलमध्ये कागदाचं पत्र आलेलं बघून तू आधी घाबरशील, मग वैतागशील. घाबरू नकोस, आई बरी आहे. गुडघा तेवढा दुखतो, पण ते कळायला तू तिच्याशी बोलायला हवं होतंस. वैतागायला मात्र माझी हरकत नाही. चार वर्षं मी तेच करत आलेय, आता थोडं तूही कर.

बाबा गेले तेव्हा तू आलास, त्यांचा चाळिसावा दिवस झाला आणि निघताना त्यांच्या खोलीतला कॉम्प्युटर ‘नीट लावून’ दिलास. घरातला एकुलता मुलगा, म्हणून त्या यंत्राचा मालकही तूच. मी इथे राहणारी, आईला डॉक्टरकडे नेणारी, बधिर मुलांच्या शाळेत हंगामी शिकवणारी. मला आपलं पाहुणीसारखं एक खातं मिळालं. दर बेचाळीस दिवसांनी माझा पासवर्ड संपायचा आणि मी नवा द्यायला गेले की उत्तर यायचं, तुम्हाला परवानगी नाही. तुला विचारलं तर म्हणालास, “अगं हाजर, मी काय करू? मशीनच तसं मागतं. सुरक्षिततेसाठी असतं ते.” मग तुझा फोन यायचा. तू तिथून दोन मिनिटांत काम करायचास आणि शेवटी म्हणायचास, “दे आता आईला.”

आईला तो दिवस पक्का ठाऊक असायचा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती पेन्सिलीने खूण करून ठेवायची आणि त्या दिवशी सकाळपासून धुतलेला रुमाल डोक्याला बांधून फोनजवळ बसायची. मी चिडवायचे, “काय गं, मागणी घालायला येतंय की काय कोणी?” ती म्हणायची, “तू गप बस, तुला काय कळतंय.” खरंच, मला काही कळत नव्हतं.

गेल्या वर्षीची ईद आठवते तुला? शाळेत कायमची जागा निघाली होती. वयाची अट चाळीस, आणि मला एकेचाळिसावं लागायला दोन महिने उरले होते. अर्जाची मुदत ईदच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत. दोन महिने खपून लिहिलेला अभ्यासक्रम, दाखले, सगळं माझ्या खात्यात. नेमका त्याच सकाळी पासवर्ड संपणार हे मी तुला आठवडाभर आधी सांगितलं होतं. “संपू दे ना, लगेच करून देतो,” म्हणालास. मी अकरा वेळा फोन लावला. तुमच्याकडे पहाट होती, फोन बंद होता. आई माझ्या शेजारी बसून ईदच्या चरमूलासाठी, त्या कांदा-मनुकांच्या रश्शासाठी, कांदे चिरत होती. ढीगभर कांदे. तिचे डोळे घळाघळा वाहत होते आणि मी तिलाच म्हटलं, “उठ गं, किती त्रास करून घेतेस, मी चिरते.” बारा वाजले. दोन वाजता तुझा फोन आला आणि तू आनंदाने ओरडलास, “ईद मुबारक!” ती जागा महदिया शहरातल्या एका मुलीला मिळाली. तिला खुणांची भाषा मीच शिकवतेय सध्या.

गेल्या आठवड्यात पुन्हा कुलूप पडलं. तू म्हणालास, शनिवारी बघतो. शनिवार गेला, सोमवार गेला. मग माझं डोकं फिरलं. आईला म्हटलं, हे डबडं मी दुकानात नेते आणि सगळं पुसून टाकायला सांगते. “त्यात तुझ्या बाबांचे फोटो आहेत!” ती किंचाळली. असू देत, म्हटलं, आणि वायर उपटली. तेव्हा ती खुर्चीत बसली आणि खाली मान घालून तिने तुझा पासवर्ड सांगितला. तोंडपाठ. आजीच्या गावाचं नाव आणि तुझं जन्मसाल. जाताना तूच तिच्या कानात सांगितला होतास, अडीअडचणीला असू दे म्हणून. चार वर्षं तिला तो माहीत होता. कांदे चिरतानाही माहीत होता.

मी तुझ्या खात्यात गेले. माझ्या नावासमोर दोन खुणा होत्या: मुदत बेचाळीस दिवस, आणि स्वतः बदलण्यास मनाई. तुझ्या नावासमोर एकच: कधीही संपत नाही. म्हणजे मशीन काही मागत नव्हतं रे. तूच मागत होतास.

आईला विचारलं, का गं अशी वागलीस? ती म्हणाली, “ते बंद पडलं की त्याचा फोन यायचा. चालू राहिलं असतं तर कोणाला आठवण होती माझी?” मी तिला माफ केलेलं नाही. तिच्या गुडघ्याला रोज कोमट तेल चोळते, पण माफ केलेलं नाही. आणि तरीही ती माझा हात धरून जे म्हणाली, ते मला मोडवत नाही. “हाजर, ते मुदतीचं काढू नकोस. तो फोन करायचा थांबेल.”

म्हणून हे पत्र. मुदत मी काढलेली नाही, तुझ्या नावावर केली आहे. आता मालकीण मी. तुझा पासवर्ड दर बेचाळीस दिवसांनी संपेल आणि तुला स्वतःला बदलता येणार नाही. बाबांचे फोटो, तुझे दाखले, जे काही तू तिथून उघडतोस, त्यासाठी नवा शब्द लागेल. तो मी दर वेळी आईच्या कानात सांगणार आहे. गुडघ्याचं सगळं ऐकवल्याशिवाय ती तो देणार नाही, तेव्हा घाईत फोन करू नकोस. पहिली मुदत येत्या चौदा तारखेला संपते. तिने पेन्सिलीने खूण केली आहे. आणि मला फोन द्यायला सांगू नकोस, मी येणार नाही.

तुझीच मोठी बहीण,
हाजर