आईजवळ कोणी यायचं नाही

पारोळा, ३ डिसेंबर २०२४

ती. मेघाअक्कास,
समाधानचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की आई पलंगावरून कान देते, म्हणून हे पत्र आपल्या गल्लीतल्या चंदन कंडक्टरच्या हाती धुळ्याला पाठवतोय.

अक्का, मी वैतागलो! केमोनं आईच्या न्यूट्रोफिल पेशी चारशेवर आल्या, दहा दिवस कोणाला आत सोडू नको, असं तू तुझ्या दवाखान्यातल्या लॅबमधून सांगून मोकळी झालीस. इथं आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर जन्माचं वैर. काल अकरा जण आले. जीवरामनाना तर आईच्या पलंगावरच बसले. मी समजावलं की जंतू शिरला की आधी धावतात त्या पेशीच कमी झाल्यात. नाना म्हणाले, माझ्यात ढीगभर आहेत, हव्या तेवढ्या घे.

यावलला केळी भरताना माझा अंगठा पिकला होता, आठवतं? तो पू म्हणजे लढून मेलेल्या त्याच पेशी, हे तूच सांगितलंस. मी तो पिळून फेकला. ते असो. आज मी युक्ती केली. आईला झपाट्यानं पसरणारा रोग झालाय, असं गल्लीभर सांगितलं. सकाळपासून चिटपाखरू नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
समाधान

धुळे, ४ डिसेंबर

चि. समाधानास,
कान पिरगाळून आशीर्वाद.

अरे, नेमकं उलटं केलंस! आईपासून गल्लीला काही धोका नाही, गल्लीपासून आईला आहे. जंतू गिळून त्यांचे तुकडे दाखवणाऱ्या पेशी वेगळ्या, ते तुकडे ओळखून जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या लिम्फोसाइट वेगळ्या. पण त्यांची तयारी होईपर्यंत दार अडवतात न्यूट्रोफिल, आणि त्याच उरल्या नाहीत. ताप शंभरच्या वर चढला तर गोळी देत बसू नको, तासाभरात धुळ्याला आण. झिपरूभाऊंना जीपचं आजच सांगून ठेव. आणि आजच घरोघर जाऊन खरं सांग. एरवी पायाला भिंगरी असते ना तुझ्या?

माया आहे म्हणून एवढं लिहिलं.
मेघा

पारोळा, ७ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल दवाखान्याच्या दारात तू मला तोंड उघडू दिलं नाहीस, फोनही उचलत नाहीस, म्हणून लिहितो. तुझं पत्र परवाच मिळालं होतं. उद्या सांगू म्हणून टाळलं. चूक माझी.

काल दुपारी ताप एकशे एक झाला. झिपरूभाऊ म्हणाले, जीपमध्ये शाळेची पोरं बसतात, रोगी नेणार नाही. मी चौकात उभा राहून ओरडलो की मी खोटं बोललो होतो. अक्का, खोटं पटकन पटलं, खरं कोणाला पटेना. शेवटी शेजारच्या भिकुबाई तोंडाला पदर लावून आल्या. पोऱ्या जलमना लबाड शे, म्हणाल्या आणि आईला धरून आधी स्वतः जीपमध्ये बसल्या. तेव्हा झिपरूभाऊंनी चावी लावली. पाऊण तास गेला.

ओट्यावर बसून आईनं सगळं ऐकलं. तीन दिवस तिला वाटत होतं, आपलं काही चुकलं म्हणून कोणी येत नाही. वाटभर माझ्याकडे बघितलं नाही.

काय झालं ते कळव.
समाधान

धुळे, ८ डिसेंबर

चि. समाधानास आशीर्वाद.

ताप उतरला. सलाइनमधून औषध चालू आहे, पेशी वाढायचं इंजेक्शनही दिलं. आज न्यूट्रोफिल नऊशे. अजून काचेच्या खोलीतच ठेवलंय. तुझं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड करते. एवढंच म्हणाली, ज्या दारात खोटं बोलला त्या प्रत्येक दारात जाऊन ये म्हणावं. आता टाळलंस तर मलाही पत्र लिहू नकोस.

मेघा

पारोळा, ९ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बठ्ठी गल्ली झाली, एक दार सोडलं नाही. एकवीस घरं. प्रत्येक दारात शिव्या, मग चहा, मग न्यूट्रोफिल म्हणजे काय ते पहिल्यापासून. घसा बसला.

आता नवीन डोकेदुखी! उद्या दोन जीप भरून गल्ली धुळ्याला निघालीय. बेबाबाई तर आईबद्दल म्हणतात, आम्ही गेलो नाही तर प्रमिलाबाईला वाटेल, गल्ली अजून ते खोटंच खरं मानतेय. मी हात जोडले, कोणी ऐकत नाही. एवढंच कबूल करून घेतलं, की सगळे रस्त्यावरच उभे राहतील, फाटकाच्या आत पाऊल नाही.

म्हणून चंदनच्या पहिल्या गाडीनं हे पत्र. अकरा वाजता आईला खिडकीशी बसव. काच उघडू नकोस. माझ्याकडे नाही बघितलं तरी चालेल, त्यांच्याकडे बघ म्हणावं.

तुझा,
समाधान