गुडघ्यावर दाबून घेतलेला बोर्ड

जानेवारी २००६, मंगळवार. बदलापूर

उद्या सुजाता औलीला बर्फात पहिल्यांदा स्नोबोर्डवर उभी राहणार, आणि बोर्ड मी निवडलाय. इथून जवळच्या कॅम्प दोनच्या बाजारात, जुन्या मालाच्या दुकानात दोन होते. माझा धंदा प्लायवूडचा. सवयीने दोन्ही गुडघ्यावर दाबले, वाकला नाही तो लेकीला घेतला.

आज तिला तिथे शिकवणाऱ्या सरांचा फोन आला. उड्या मारणाऱ्यांना आखूड बोर्ड, सुसाट उतरणाऱ्यांना कडक, पण शिकणाऱ्याला वाकणाराच हवा म्हणे. कडक बोर्ड चूक सांभाळून घेत नाही. कशाला दाबला मी गुडघ्यावर?

मग फोन सुजाताने घेतला. "पप्पा, सर दुसरा देत होते. मी नको म्हटलं. तुम्ही दाबून बघितलाय ना?"

तेवढ्यात लाइन कटली. अजून लागत नाही.